फिरत्या घराची बॅटरी : छापील आकडा आणि प्रत्यक्ष वापर

अमेरिकेत आरव्ही या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या घरात, मग ते स्वतःच्या इंजिनावर धावणारे मोटरहोम असो किंवा पिकअप ट्रकमागून ओढले जाणारे ट्रेलर असो, विजेच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था शेजारी शेजारी नांदत असतात. एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह यांसारखी मोठी उपकरणे १२० व्होल्टच्या विजेवर चालतात आणि ती वीज बहुधा मुक्कामाच्या तळावरील खांबाला जाड केबल जोडून घ्यावी लागते. दिवे, पाण्याचा पंप, गॅसवर चालणाऱ्या हीटरचा पंखा, गॅसगळतीची सूचना देणारा भोंगा आणि अलीकडच्या गाड्यांतील फ्रीज ही सारी मंडळी मात्र १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर, म्हणजेच बॅटरीवर अवलंबून असतात. या बॅटरीला हाऊस बॅटरी म्हणतात. मोटरहोमचे इंजिन सुरू करणारी बॅटरी तिच्याहून अगदी वेगळी असते आणि दोघींचा कारभार स्वतंत्र ठेवण्याचे साधे कारण असे की, रात्रभर दिवे आणि पंखा चालला तरी सकाळी गाडी सुरू व्हायलाच हवी.

जोडणी असलेल्या खासगी तळावर ही हाऊस बॅटरी जवळजवळ बसूनच असते, कारण तेथे खांबावरील विजेपासून १२ व्होल्टचा पुरवठा करणारे कन्व्हर्टर हे उपकरण सर्व भार उचलते. बॅटरीची खरी कसोटी लागते ती जोडणी नसलेल्या ठिकाणी, आणि अमेरिकेतील रमणीय ठिकाणे बहुधा अशीच आहेत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील १२ तळांपैकी केवळ फिशिंग ब्रिज येथील तळावर वीज, पाणी आणि सांडपाणी यांची जोडणी मिळते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरील मॅथर तळावर ती मुळीच नाही. संघराज्याच्या भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यातील मोकळ्या जमिनींवर साधारणपणे २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवस फुकट राहता येते, पण तेथे विजेचा खांब तर सोडाच, अनेकदा नळही नसतो. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावाभोवती दर हिवाळ्यात हजारो गाड्या उतरतात आणि १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामासाठी राखलेल्या क्षेत्रांत महिनोन्महिने मुक्काम ठोकतात. जोडणीविना असे राहण्याला तेथील लोक बूनडॉकिंग म्हणतात.

बॅटरी विकत घेताना बहुतेकांची नजर प्रथम जाते ती तिच्यावर छापलेल्या ॲम्पिअर-तासांच्या आकड्याकडे. एका ॲम्पिअरचा प्रवाह एक तास वाहिला की एक ॲम्पिअर-तास खर्च होतो, त्यामुळे १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ५ ॲम्पिअरचा भार २० तास चालवेल, असा सरळ हिशेब करता येतो. हा आकडा खोटा नसतो, पण तो बहुतेक वेळा २० तासांच्या संथ वापरावर काढलेला असतो, आणि शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटरीतून प्रवाह जितका जोरात ओढावा तितकी तिची एकूण क्षमता घटत जाते. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये या घटीचा नियम मांडला. गोल्फ कार्टसाठी बनवलेल्या ६ व्होल्टच्या एका प्रचलित बॅटरीचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. २० तासांच्या वापरात ती २२५ ॲम्पिअर-तास देते, परंतु ७५ ॲम्पिअरचा प्रवाह ओढल्यास जेमतेम ११५ मिनिटे टिकते, म्हणजे सुमारे १४४ ॲम्पिअर-तासच पदरात पडतात. शिवाय या प्रकारची बॅटरी वारंवार निम्म्याहून खाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून छापील आकड्याच्या निम्माच आकडा वापरायोग्य धरण्याचा प्रघात पडला आहे.

निवडीची सुरुवात त्यामुळे बॅटरीपासून नव्हे, तर खर्चापासून करणे श्रेयस्कर ठरते. ऑक्टोबर महिन्यात मॅथर तळावर मध्यम आकाराच्या ट्रेलरमध्ये दोन माणसे उतरली आहेत असे समजावे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीच्या या जागी रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास येतो. हीटर जळतो गॅसवर, पण गरम हवा घरभर ढकलणारा त्याचा पंखा सुमारे ८ ॲम्पिअर घेतो आणि बंद-चालू होत रात्रभरात मिळून ५ तास चालला तर ४० ॲम्पिअर-तास त्याच्याच नावे लागतात. कॉम्प्रेसरवर चालणारा १२ व्होल्टचा फ्रीज दिवसाला ५० घेतो. एलईडी दिव्यांचे ८, पंपाचे ४, फोन आणि लॅपटॉप यांचे १०, आणि कोणाच्याही लक्षात न येणारे गॅससूचक, रेडिओ व नियंत्रणपट्ट्या यांचे अर्धा ॲम्पिअरप्रमाणे २४ तासांचे १२ ॲम्पिअर-तास. बेरीज होते १२४. जुन्या ट्रेलरमधील फ्रीज गॅसच्या ज्योतीवर थंड होत असे आणि बॅटरीला त्याची फारशी झळ लागत नसे, त्यामुळे त्या काळी हीच बेरीज ७५ च्या घरात राहत असे. बॅटरीच्या निवडीविषयीचे जुने सल्ले आज अपुरे पडतात त्यामागे फ्रीजमधील हा बदल मोठा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

नव्या ट्रेलरसोबत विक्रेते बहुधा २४ क्रमांकाच्या आकारगटातील एकच बॅटरी देतात, जिची क्षमता ७० ते ८५ ॲम्पिअर-तास असते. निम्म्याचा नियम लावला तर वापरायोग्य ४० उरतात, म्हणजे हीटरच्या पंख्याचीच एक रात्र. तिच्या अंगावर मरीन किंवा आरव्ही असे शब्द ठळकपणे छापलेले असले तरी ती बहुतेकदा ना धड इंजिन सुरू करण्यासाठी, ना धड घर चालवण्यासाठी बनवलेली असते. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ व सच्छिद्र प्लेटा मोठ्या संख्येने असतात, कारण तिला काही सेकंद शेकडो ॲम्पिअर द्यायचे असतात आणि लगेच अल्टरनेटरकडून तेवढे परत घ्यायचे असतात. खोलवर उतरवली की या पातळ प्लेटांवरील लेप सुटून तळाशी साचतो. उलट डीप सायकल म्हणजे खोल वापराच्या बॅटरीत प्लेटा जाड आणि लेप घट्ट असतो. मरीन बॅटरी या दोहोंच्या मधली तडजोड असते, आणि तिच्यावर थंडीत इंजिन सुरू करण्याच्या ॲम्पिअरचा आकडा मोठ्या अक्षरात असेल, तर ती कोणत्या बाजूला झुकलेली आहे हे ग्राहकाने तेवढ्यावरून ओळखावे.

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध गॅस्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये लावला आणि तिच्या पोटातील रसायन आजही तेच आहे. धन प्लेटवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण प्लेटवर सच्छिद्र शिसे आणि दोन्हींमध्ये पातळ केलेले गंधकाम्ल अशी तिची रचना असते. वीज देताना दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना ही क्रिया उलटते. यातील सल्फेटाचे कण ताजे असताना मऊ व बारीक असतात, पण बॅटरी उतरलेल्या किंवा अर्धवट भरलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहिली तर त्यांचे टणक स्फटिक बनतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग मग कायमचा निकामी होतो. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ज्यांनी वापरल्या आहेत, त्यांना ही बॅटरी बसण्याची तक्रार चांगलीच परिचयाची असेल. मात्र तेथे वीज परत आली की बॅटरी रात्रभर सावकाश पूर्ण भरत असे, आणि रानात मुक्कामी असलेल्या गाडीत नेमकी ही सवड मिळत नाही.

सवड का लागते, हे थोडे तपशिलात पाहण्याजोगे आहे. शिसे-आम्ल बॅटरी रिकामी असताना प्रवाह भराभर स्वीकारते, पण सुमारे ८० टक्के भरल्यानंतर तिची भूक मंदावते आणि उरलेले २० टक्के भरायला कितीही मोठा चार्जर लावला तरी कित्येक तास जातात. राष्ट्रीय उद्यानांच्या अनेक तळांवर शेजाऱ्यांच्या शांततेसाठी जनरेटर ठरावीक तासांतच चालवू देतात. समजा सकाळी २ तास मिळाले आणि कन्व्हर्टर ५५ ॲम्पिअरचा असला, तर कागदावर ११० ॲम्पिअर-तास भरायला हवेत. निम्म्यावर आलेल्या २२५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत प्रत्यक्षात ७० ते ८० गेले तरी पुष्कळ. १२४ चा रोजचा खर्च आणि ८० ची भरपाई असा व्यवहार असल्यावर तिसऱ्या रात्री हीटरचा पंखा मंद का होतो, याचे कोडे उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी शंभर टक्क्यांपर्यंत कधी पोहोचतच नाही आणि सल्फेट टणक होण्याची प्रक्रिया सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होते. छतावर ४०० वॉटचे सौर पॅनेल असल्यास निरभ्र आकाशाखाली दिवसभरात ८० ते १०० ॲम्पिअर-तासांची भर पडू शकते, पण मॅथर तळ पाँडेरोसा पाइनच्या झाडीत वसलेला आहे आणि पॅनेलच्या एखाद्या कोपऱ्यावर पडलेली सावलीही उत्पादन बरेच खाली आणते.

इतके असूनही गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून १२ व्होल्ट मिळवण्याची जुनी युक्ती अजून बाद झालेली नाही. त्यांच्या प्लेटा खरोखरच जाड असतात, किंमत आटोक्यातली असते आणि निगा राखली तर त्या वर्षानुवर्षे चालतात. त्यांचे वजन मात्र प्रत्येकी सुमारे २८ किलो भरते, महिन्या-दोन महिन्यांनी त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, आणि चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात. हवेत या वायूचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, म्हणून या बॅटऱ्या राहत्या भागात न ठेवता ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर किंवा बाहेर हवा खेळणाऱ्या पेटीतच ठेवाव्या लागतात.

पाणी घालण्याची कटकट ज्यांना नको असते त्यांच्यासाठी एजीएम प्रकार आहे. यात आम्ल मोकळे न ठेवता काचतंतूंच्या चटईत शोषून घेतलेले असते आणि तयार होणारे वायू आतल्या आत पुन्हा पाण्यात रूपांतरित होतात. ही बॅटरी बंदिस्त असल्याने आडवीही बसवता येते, ती प्रवाह काहीशा वेगाने स्वीकारते आणि पडून राहिली तरी सावकाश उतरते. परंतु रसायन शेवटी शिशाचेच असल्याने निम्म्याचा नियम आणि शेवटच्या २० टक्क्यांची रखडपट्टी तिलाही चुकत नाही, आणि तिची किंमत साध्या बॅटरीच्या दुपटीच्या आसपास जाते. जेल बॅटरीत आम्ल सिलिकाच्या साहाय्याने घट्ट केलेले असते. तिला चार्जिंगचे व्होल्ट जरा जास्त झाले तरी जेलमध्ये कायमच्या पोकळ्या पडतात, आणि बाजारातील बहुतेक चार्जर इतर बॅटऱ्यांना धरून बनवलेले असल्यामुळे आरव्हीसाठी तिचा विचार न केलेलाच बरा.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, या प्रकाराने गेल्या दशकात हे सारे गणित बदलले. टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या संशोधकांनी केलेल्या कामातून हे द्रव्य पुढे आले आणि त्यासंबंधीचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरील कार्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोबाइलमधील कोबाल्टयुक्त लिथियम बॅटरी पेट घेते म्हणून या बॅटरीलाही अनेक जण बिचकतात. तथापि एलएफपीमधील ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की, तापमान वाढले तरी तो सहजासहजी सुटत नाही, आणि आगीला आतूनच खतपाणी मिळण्याचा धोका त्यामुळे बराच कमी होतो.

एलएफपीचा एक घट ३.२ व्होल्टचा असतो आणि असे चार एकसर जोडून १२.८ व्होल्टची बॅटरी तयार होते. १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीचे वजन ११ ते १४ किलोच भरते. तिच्यातील ८० ते ९० टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते, जोराने प्रवाह ओढला तरी क्षमता फारशी घटत नाही आणि ती जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण वेगाने चार्ज होत राहते. मॅथर तळावरील हिशेबात अशा दोन बॅटऱ्या घातल्या तर १२४ चा खर्च भागून दुसऱ्या दिवसासाठी काही शिल्लक उरते आणि सकाळच्या २ तासांत, योग्य चार्जर असल्यास, ११० च्या जवळपास भरपाई होते. अर्धवट भरलेली राहिल्याने तिचे काही बिघडत नाही, आणि बूनडॉकिंग करणाऱ्याच्या दृष्टीने तिच्या सर्व गुणांत हाच गुण सर्वांत मोलाचा मानला पाहिजे. जाहिरातींत मात्र भर असतो तो ३,००० ते ५,००० वेळा चार्ज होण्याच्या क्षमतेवर. वर्षाकाठी २० रात्री बाहेर काढणाऱ्या कुटुंबाला १,००० चक्रे पुरी करायलाच ५० वर्षे लागतील, तेव्हा त्यांच्या निर्णयात या आकड्याला तसा काहीच अर्थ नाही. किमतीचा अडसर मात्र खरोखर दूर झाला आहे. २०१८ च्या सुमारास ९०० ते १,००० डॉलरला मिळणारी १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आता ३०० डॉलरच्या आतही मिळू शकते.

या बॅटरीच्या पोटात घटांवर लक्ष ठेवणारी बीएमएस ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, जी व्होल्ट, प्रवाह किंवा तापमान मर्यादेबाहेर गेले की बॅटरीची जोडणी तोडून टाकते. स्वस्त आणि महाग बॅटरीतील फरक बहुधा येथेच असतो. गोठणबिंदूखाली एलएफपी बॅटरी चार्ज केली तर लिथियमचे आयन ऋणाग्रावरील ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात, आणि ही हानी भरून येत नाही. चांगली बीएमएस शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास चार्जिंग थांबवते. काही बॅटऱ्यांत स्वतःला ऊब देणारे हीटरही असतात, जे अर्थातच त्याच बॅटरीची वीज खातात. एलएफपी वायू सोडत नसल्याने ती घराच्या आत, पलंगाखाली ठेवता येते आणि थंडीवरचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे. शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता थंडीत घटते खरी, पण तिला चार्ज करण्यास अशी आडकाठी नाही, आणि पूर्ण भरलेली असताना ती उणे ५० अंशांतही गोठत नाही. रिकामी मात्र उणे १० च्या आसपासच गोठून तिचे कवच फुटू शकते. कडाक्याच्या थंडीत बॅटरी बाहेरच्या दांड्यावरच ठेवावी लागणार असेल, तर त्यामुळे एजीएमचे पारडे अजूनही जड ठरते.

बॅटरी बदलली की बाकीचे सारे जसेच्या तसे चालेल, हा समज महागात पडतो. जुने कन्व्हर्टर १३.६ व्होल्टच्या आसपास अडकलेले असते, तर एलएफपी पूर्ण भरण्यासाठी १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. मोटरहोममध्ये अडचण उलट बाजूची असते. एलएफपीचा अंतर्गत रोध अत्यंत कमी असल्याने ती अल्टरनेटरकडून झेपेल तेवढा प्रवाह ओढते आणि सतत पूर्ण भारावर चालण्यासाठी न बनवलेला अल्टरनेटर तापून जळू शकतो. त्यासाठी दोहोंमध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात, जो प्रवाहाला ठरलेल्या मर्यादेत धरून ठेवतो. व्होल्टमीटरवरून बॅटरी किती भरली आहे याचा अंदाज बांधण्याची सवयही सोडावी लागते; शिशाच्या बॅटरीत विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण आणि १२.२ म्हणजे साधारण निम्मी असे सांगता येते, पण एलएफपीचे व्होल्ट बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहून शेवटी एकदम कोसळतात. तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक ॲम्पिअर मोजणारा शंट बसवणे हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

हे सर्व पाहता, ज्यांचा मुक्काम नेहमी जोडणीच्या तळांवरच असतो त्यांना विक्रेत्याने दिलेली साधी बॅटरी पुरेशी आहे आणि लिथियमवर केलेला खर्च त्यांच्या बाबतीत हौसेचाच म्हणावा लागेल. वर्षातून एखादा-दुसरा शनिवार-रविवार जंगलात काढणाऱ्यांना गोल्फ कार्टची जोडी उत्तम, अट एवढीच की घरी परतल्यावर ती त्याच दिवशी पूर्ण भरण्यासाठी लावावी. जे आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ जोडणीविना राहतात, त्यांनी मात्र आता एलएफपीशिवाय दुसरा विचार करण्याचे फारसे कारण उरलेले नाही. एअर कंडिशनरची हौस कोणतीही बॅटरी सहज भागवत नाही, कारण सुमारे १,४०० वॉट घेणारे छतावरील यंत्र सलग चालले तर २०० ॲम्पिअर-तासांची एलएफपी जोडी पावणेदोन तासांच्या आतच रिकामी करते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर अशा गाड्या येथेही दिसू लागल्या आहेत. येथे प्रश्न गोठण्याचा नसून उष्णतेचा आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते असा ठोकताळा आहे आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद पेटीतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षाही बरेच चढते. घरगुती इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी गाडीत बसवण्याचा मोह किमतीमुळे होण्याजोगा आहे, परंतु १५० ॲम्पिअर-तासांचे ते धूड ५० किलोंहून जड भरते आणि घाटरस्त्याच्या हिंदकळण्यासाठी ते बनवलेलेच नाही.

जोडणीच्या कामात सर्वाधिक हयगय होते ती तारांबाबत. १२ व्होल्टवर २,००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर सुमारे १८५ ॲम्पिअर ओढतो, आणि एवढ्या प्रवाहाला बोटाएवढी जाड, शक्य तितकी आखूड केबल लागते. धन टोकाजवळच फ्यूज असावा, आणि एलएफपीसाठी तो शॉर्ट सर्किटमधील प्रचंड प्रवाह तोडू शकणाऱ्या टी वर्गाचा असावा. जुनी आणि नवी, किंवा वेगवेगळ्या रसायनांच्या बॅटऱ्या एकमेकींना थेट जोडू नयेत. हंगाम संपल्यावर गाडी उभी करताना ऋण टोकाची केबल सोडणे आवश्यक असते, कारण अर्ध्या ॲम्पिअरचा तो अदृश्य खर्च २४ क्रमांकाच्या बॅटरीला आठवडाभरातच लोळवतो. शिशाची बॅटरी पूर्ण भरून आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करून ठेवावी, तर एलएफपी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवून वसंतापर्यंत तशीच राहू द्यावी.